सुरवंटाच्या वाट्याचे पान
कोयनानगरच्या रानातील झुडपे आणि त्यांच्या आधाराने जगणारी फुलपाखरे

कोयना म्हटले की आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांच्या डोळ्यांसमोर प्रथम आकडे येतात. धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी, विजेची क्षमता १,९६० मेगावॅट. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे किती फुटांनी उचलले, ही बातमी सांगलीच्या पेठेतील दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायचा की नाही हे ठरविण्यासाठी वाचतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनंतर तर ही सवय घराघरांत रुजली आहे. त्यात वावगे काहीच नाही. ज्या नदीवर आपला व्यापार, शेती आणि दिवाबत्ती अवलंबून आहे, तिचा हिशेब ठेवलाच पाहिजे.

मात्र शिवसागर जलाशयाच्या काठावर जे रान उभे आहे, त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. बँकेच्या सेवेत असताना पाटण तालुक्यातील एका शाखेत माझी काही वर्षे गेली. कर्जप्रकरणांच्या पाहणीसाठी हेळवाक, नवजा, हुंबरळी या बाजूंना वरचेवर जावे लागे. त्या काळी रान म्हणजे मला एक हिरवी भिंत वाटे. निवृत्तीनंतर सवड मिळाली, पुस्तके हाताशी आली आणि त्या भिंतीतील एकेक झुडूप नावाने ओळखू येऊ लागले. झुडूप ओळखले की त्यावर कोणते फुलपाखरू येणार, हेही पुष्कळदा सांगता येते. हा संबंध आपल्या वाचकांपुढे मांडावा, कारण तो आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचतो, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रानाचे स्वरूप

कोयनानगर कराड-चिपळूण मार्गावर, सह्याद्रीच्या माथ्याजवळ वसलेले आहे. पुढे कुंभार्ली घाट उतरला की कोकण लागते. समुद्रावरून येणारे ढग प्रथम याच कड्यांना अडतात, त्यामुळे येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले. २०१० मध्ये ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत कोयनेचा समावेश झाला.

येथील सगळेच रान उंच वृक्षांचे नाही. दऱ्यांत दाट झाडी आहे. पण उतारांवर, सड्यांच्या कडेला आणि वाऱ्याच्या तोंडावर झुडपांचेच राज्य आहे. कारवी, करवंद, तोरण, धायटी, भूतकेस, मुरुडशेंग, वाघाटी ही येथील प्रजा होय. लाकूड नाही, मोठे फळ नाही, म्हणून सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पडीक अशी होते. फुलपाखरांच्या दृष्टीने मात्र याच जागा सर्वांत भरवस्तीच्या असतात.

दोन वयांचे दोन आहार

फुलपाखरू फुलातील मध पिते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण मध हा त्याच्या उत्तरायुष्यातील आहार झाला. अंड्यातून बाहेर पडणारा सुरवंट पाने खातो, आणि तीही कोणतीही नाही. प्रत्येक जातीची झाडे ठरलेली असतात; काहींची चार-सहा, काहींचे एखादेच. मादी पानावर उतरून पुढच्या पायांनी पानाला टकटक केल्यासारखे करते. तिच्या पायांत चव ओळखण्याची शक्ती असते. पान योग्य असेल तरच ती अंडे घालते, नाहीतर पुढे उडून जाते. चुकीच्या पानावर जन्मलेला सुरवंट पानांच्या ढिगात बसूनही उपाशी मरतो.

फुलझाडे लावली की फुलपाखरे येतात, हे खरे आहे. परंतु ती पाहुणी म्हणून येतात आणि मध पिऊन जातात. त्यांचा वंश तेथे वाढायचा असेल, तर सुरवंटाचे झाड जवळपास हवे. घाणेरीचे उदाहरण घ्या. अमेरिकेतून आलेले हे झुडूप घाटात सर्वत्र पसरले आहे आणि तिच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड दिसते. तिच्या पानांचा मात्र आपल्याकडील सुरवंटांना जवळजवळ काहीच उपयोग नाही. घाणेरीने कारवीची किंवा तोरणाची जागा घेतली, तर काही काळ फुलपाखरे दिसत राहतील. पुढच्या पिढ्यांची सोय मात्र गेलेली असेल. भांडवल आटत असताना केवळ रोजची उलाढाल पाहून धंदा उत्तम चालला आहे असे समजावे, तसा हा प्रकार आहे.

कारवी आणि वाळके पान

कोयनेच्या उतारांवरील सर्वांत लक्षणीय झुडूप म्हणजे कारवी. साधारणतः सात वर्षांनी ती एकदाच फुलते, तेव्हा संपूर्ण डोंगर जांभळा-निळा दिसतो. बी धरले की ती वाळून जाते आणि पुढच्या पावसात तिच्या बियांतून नवी पिढी उगवते. तिच्या सरळ काठ्या शेणामातीने लिंपून घाटातील घरांच्या कुडाच्या भिंती उभ्या राहत. तिच्या फुलोऱ्याच्या वर्षी मधाचे पीक चांगले येते, हे डोंगरातील लोक पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

याच कारवीवर ब्लू ओकलीफ नावाच्या फुलपाखराचा सुरवंट वाढतो. हे फुलपाखरू पंख मिटून बसले की हुबेहूब वाळलेले पान दिसते. मधली शीर, देठ, बुरशीचे डागसुद्धा त्यावर असतात. पंख उघडले की आत गडद निळा रंग आणि फिकट निळसर-पांढरा पट्टा. मुख्य म्हणजे हे फुलपाखरू फुलांकडे फारसे फिरकत नाही. झाडांतून पाझरणारा रस आणि कुजकी फळे हे त्याचे खाणे. आपण कितीही सुंदर फुलबाग लावली तरी ते तेथे यायचे नाही. त्याला कारवीचे रानच हवे.

भूतकेसाचे झुडूपही घाटात ठिकठिकाणी दिसते. नारिंगी फुलाजवळ एक मोठे पांढरे पान लटकल्यासारखे दिसते, ती त्याची खूण. त्यावर कमांडर हे तांबूस फुलपाखरू वाढते. रोपवाटिकेतून मुसंडा या नावाने आपण जी गुलाबी-पांढरी संकरित झाडे पैसे मोजून आणतो, ती याच भूतकेसाच्या कुळातील आहेत. मुरुडशेंगेवर गोल्डन अँगल, वाघाटीवर पायोनियर आणि कॉमन गल ही पांढरी-पिवळी फुलपाखरे वाढतात. आषाढी द्वादशीच्या पारण्याला अनेक घरांत वाघाट्याची भाजी होते, ती याच वेलीच्या फळांची. आंब्यावर किंवा इतर झाडांवर वाढणारे बांडगूळ आपण निरुपयोगी मानतो; पण पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा आणि लाल रंग मिरविणारे, म्हणूनच हळदीकुंकू असे सार्थ नाव मिळालेले फुलपाखरू बांडगुळावरच पोसले जाते.

बोर आणि तोरण यांवरील कॉमन पिएरोचा व्यवहार तर आपल्या वाचकांना विशेष रुचेल. या लहान काळ्या-पांढऱ्या फुलपाखराचा सुरवंट अंगातून गोड द्रव पाझरतो. मुंग्या तो द्रव घेतात आणि त्या बदल्यात शत्रूंपासून त्याची राखण करतात. करारपत्र नाही, साक्षीदार नाही. तरीही देणे-घेणे चोख चालते.

राज्याचा मान आणि माकडलिंबू

जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा निर्णय घेणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. मराठीत त्याला राणी पाकोळी किंवा नीलवंत म्हणतात. मखमली काळ्या पंखांवर फिकट निळी झाक, आणि पंखांचा विस्तार बारा ते पंधरा सेंटिमीटर. जगात ते फक्त भारत आणि श्रीलंकेच्या भूमीत आढळते, आणि पश्चिम घाट हे त्याचे मोठे माहेर आहे.

या राजमान्य फुलपाखराचा सुरवंट लिंबाच्या कुळातील पाने खातो. रानात त्यासाठी माकडलिंबू आणि किरमिरा ही झुडपे आहेत. माकडलिंबू हे नाव ऐकलेले लोकसुद्धा आता थोडेच उरले असतील. ज्याला राज्याचा मान मिळाला, त्याच्या ताटातील अन्नाचे नाव आपल्याला माहीत नसावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मसाल्याच्या दुकानात विकले जाणारे तिरफळ कोकण आणि घाटातील काटेरी झाडाचे फळ आहे. त्याच झाडावर मलबार बँडेड पीकॉक हे हिरव्या तेजस्वी पट्ट्याचे फुलपाखरू वाढते. केरळने २०१८ मध्ये त्याला आपले राज्य फुलपाखरू म्हणून निवडले. तात्पर्य, दोन राज्यांची दोन मानचिन्हे आपल्या परिचयाच्या एकाच कुळातील झाडांवर, लिंबू आणि तिरफळ यांच्यावर, उभी आहेत.

रुईचे विष आणि नकली नाणे

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. रुईचा चीक विषारी असतो, म्हणून गुरे तिला तोंड लावत नाहीत. परंतु प्लेन टायगर, म्हणजेच बिबळ्या कडवा, या फुलपाखराचा सुरवंट रुईवरच वाढतो. पानातील विष तो पचवितो, अंगात साठवितो, आणि पुढे पंख फुटल्यावरही ते विष त्याच्या शरीरात राहते. एखाद्या पक्ष्याने एकदा हे फुलपाखरू खाल्ले की त्याला उलटी होते, आणि त्या केशरी रंगाच्या वाटेला तो पुन्हा जात नाही.

या दबदब्याचा लाभ दुसरेच एक फुलपाखरू घेते. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते. तिच्या अंगात विष नाही. केवळ रूप उसने घेतलेले आहे. पक्षी फसतो आणि तिला सोडून देतो. बँकेत आयुष्य घालविल्यामुळे मला येथे नकली नोटांची आठवण होते. खऱ्या नोटा पुष्कळ आणि खोट्या थोड्या, तोपर्यंतच खोटी नोट खपते. खोट्यांचे प्रमाण वाढले की लोक प्रत्येक नोट उजेडात धरून पाहू लागतात. रानातही हाच नियम आहे. कडवे फुलपाखरू भरपूर असेल, तरच त्याच्या नकलेला संरक्षण मिळते.

आता या साखळीतील झाडे पाहा. कडव्याला रुई हवी, आणि नक्कल करणाऱ्या मादीच्या पिलांना घोळ. घोळ म्हणजे तीच आंबट पालेभाजी, जी शेतात आपोआप उगवते आणि खुरप्याने काढून टाकली जाते. डॅनेड एगफ्लाय हे फुलपाखरू १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दीर्घकाळ समाविष्ट होते. कायदा फुलपाखराला हात लावू देत नव्हता. खुरपे मात्र त्याच्या अन्नावर राजरोस चालत होते. शिवाय रस्त्याकडेची रुई कोणी साफ केली, तर घोळ शिल्लक असूनही या मादीचे संरक्षक कवच नाहीसे होते. एका झाडाच्या जाण्याने दोन जातींचे नुकसान होते, ते असे.

परदेशातही हाच अनुभव आहे. बिबळ्या कडव्याचा अमेरिकेतील भाऊबंद म्हणजे मोनार्क. ही फुलपाखरे हजारो मैलांचा प्रवास करून हिवाळ्यासाठी मेक्सिकोच्या डोंगरांतील जंगलात जातात. त्यांचे सुरवंट रुईच्याच कुळातील मिल्कवीड या रोपावर वाढतात. मका आणि सोयाबीनच्या शेतांत तणनाशकांचा वापर वाढला, बांधावरचे मिल्कवीड गेले, आणि मोनार्कची संख्या गेल्या काही दशकांत फार घटली. आता तेथील नागरिक आपापल्या अंगणात मिल्कवीड लावत आहेत.

अंगणातील लिंबू आणि कढीपत्ता

हे सगळे पाहण्यासाठी कोयनानगरलाच गेले पाहिजे असे नाही. आपल्या घरी कढीपत्त्याची कुंडी असतेच. तिच्या पानावर पावसाळ्यात कधीतरी पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो. नीट पाहिल्यास तो हलतो. लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराचा तो कोवळा सुरवंट असतो. पक्ष्यांनी दुर्लक्ष करावे म्हणून त्याने हे रूप घेतलेले असते. पुढे तो हिरवागार होतो. त्याला डिवचले तर डोक्यामागून दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. आपल्याला त्यापासून अपाय नाही. दोन-तीन आठवड्यांत तो कोश करतो, आणि आणखी काही दिवसांनी फुलपाखरू बाहेर पडते.

एवढ्या अवधीत कुंडीतील बरीच पाने जातात, हे मान्य करायला हवे. घरातील माणसे लगेच औषध फवारण्याच्या विचारात असतात. पण कढीपत्त्याला महिन्याभरात नवी पालवी फुटते. रोप फारच लहान असेल, तर पानासकट सुरवंट उचलून लिंबाच्या किंवा बेलाच्या मोठ्या झाडावर ठेवता येतो. लिंबाची बाग हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांची अडचण वेगळी. नव्या रोपांचे रक्षण त्यांना करावेच लागेल. तरी बांधावर दोन-चार झाडे फवारणीविना ठेवणे त्यांनाही जड नाही.

चातुर्मासात आपल्या घरांत पालेभाजी वर्ज्य असते. पानांवर बारीक जीव फार असतात, हे त्याचे कारण वडीलधाऱ्यांनी आपल्याला लहानपणी सांगितलेले आहे. ज्या ऋतूत आपण पान ताटात घेत नाही, त्याच ऋतूत कुंडीतील पानावर विषारी फवारा मारायचा, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. पक्ष्यांसाठी गच्चीवर धान्य ठेवण्याची आपली परंपरा आहे. परंतु धान्य खाणारी चिमणीसुद्धा पिलांना प्रामुख्याने कीटक आणि अळ्याच भरविते. सुरवंटाविना अंगण म्हणजे चिमणीच्या घरट्यातही टंचाई. निसर्गातील हे देणे-घेणे आपल्या हातात नाही. पण अकारण विष न घालणे निश्चितच आपल्या हातात आहे.

आपण काय करू शकतो

कोयनेच्या परिसरात अलीकडे विश्रामगृहे, शेतघरे आणि निवासी भूखंड वाढत आहेत. आपल्या समाजातील अनेकांनी तेथे आणि वाटेवरील गावांत जमिनी घेतल्या आहेत. जमीन ताब्यात आली की पहिले काम म्हणजे यंत्राने झुडपे साफ करणे, आणि दुसरे म्हणजे हिरवळ व परदेशी शोभेची झाडे लावणे. उन्हाळ्यात उतारांवर लागणारे वणवे हे आणखी एक संकट. गवत चांगले येते या समजुतीने लावलेल्या आगीत अंडी, सुरवंट आणि कोश जळून जातात. अभयारण्याच्या हद्दीत वनविभाग आहे. हद्दीबाहेरचे रान जमीनमालकाच्या इच्छेवर अवलंबून आहे. मालक म्हणजे आपणच.

ठाण्यात घोडबंदर मार्गावरील ओवळेकर वाडी हे याचे उत्तम उदाहरण आहे. राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या घरच्या शेतजमिनीवर मधाची झाडे आणि सुरवंटांची झाडे, दोन्ही विचारपूर्वक लावली. मुंबईसारख्या महानगराला लागून असलेल्या त्या वाडीत आज शंभराहून अधिक जातींच्या फुलपाखरांची नोंद झाली आहे. तेथे जे दोन एकरांच्या आसपास साधले, ते पाटण किंवा शिराळा तालुक्यातील शेतघराभोवती साधणे अधिक सोपे आहे, कारण येथे रान शेजारीच उभे आहे. ज्यांना जाती ओळखायच्या आहेत त्यांनी डॉ. मिलिंद भाकरे आणि हेमंत ओगले यांचे पश्चिम घाटातील फुलपाखरांवरील इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक जरूर पाहावे. २०१८ मध्ये ते साताऱ्यातूनच प्रकाशित झाले आहे.

आरंभ करण्यासाठी पुढील झाडे पुरेशी आहेत:

कढीपत्ता, लिंबू, बेल: लाइम बटरफ्लाय, पहिल्या दोहोंवर कॉमन मॉरमॉनही
माकडलिंबू, किरमिरा: नीलवंत
बहावा, टाकळा: कॉमन एमिग्रंट
सीताफळ, हिरवा अशोक: टेल्ड जे
रुई: बिबळ्या कडवा
पानफुटी: रेड पिएरो
बोर, तोरण: कॉमन पिएरो
कण्हेर, उपळसरी: कॉमन क्रो, म्हणजे हबशी, याचा कोश सोन्या-चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकतो

यांतील बहुतेक रोपे सामाजिक वनीकरण विभागाच्या किंवा खासगी रोपवाटिकांत चौकशी केल्यास मिळू शकतात. अभयारण्यातून रोप, अंडे किंवा कोश उचलून आणू नये. तो गुन्हा आहे. ज्यांची जमीन कोयनेच्या परिसरात आहे, त्यांनी नवे काही लावण्यापूर्वी जे उभे आहे ते पाहावे. घरासाठी लागेल तेवढी जागा मोकळी करावी आणि कुंपणालगतचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा तसाच राखावा. त्यातील घाणेरी काढावी, कारवी-करवंद ठेवावे. ज्यांची केवळ गच्ची किंवा सज्जा आहे, त्यांनी कढीपत्ता आणि पानफुटी अशा दोन कुंड्या ठेवाव्यात. घरातील नातवंडांना रोज सकाळी पानामागे पाहण्याचे काम द्यावे. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा महिना त्यांच्या वहीत तारीखवार नोंदवून घ्यावा.

मृग नक्षत्र लागले की लागवडीचे दिवस सुरू होतात. या वर्षी रोपांची यादी करताना तीत एक झाड सुरवंटांसाठी लिहावे, आणि त्याची पाने कुरतडलेली दिसली की ते झाड आपले काम करीत आहे असे समजून त्याला तसेच राहू द्यावे, ही सर्व वाचकांना नम्र विनंती.